घडी न घालता बेतलेलं झंपर

द्वारका, तू माझ्या मागून या घरात आलीस आणि माझ्या आधी निघून गेलीस. जावाजावांत असं करत नसतात. मोठीनं आधी जायचं आणि धाकटीनं मागं राहून चार बायांत तिच्या बऱ्या-वाईट गोष्टी सांगायच्या, अशी रीत असते. परवा तुझं तेरावं झालं. पाहुणे आपापल्या गावाला गेले. ओसरीत दत्ता भाऊजी भिंतीला टेकून बसलेले असतात. मी लग्न होऊन आले तेव्हा शाळेत जाणारा, दिवसभर तोंड चालू असणारा हा माझा दीर. तुझा नवरा झाला तरी बडबड काही कमी झाली नव्हती. आता विचारलं तर 'हं' म्हणतात, न विचारलं तर तेही नाही. तुझी लेक कविता चुलीपाशी असते. मी अंगणवाडीतून येते, हातपाय धुते आणि पुढं काय करावं ते कळत नाही म्हणून तुझ्याशी बोलायला बसते. गेलेल्या माणसाशी बोलू नये म्हणतात, त्याचा पाय अडकतो. अडकू दे.

तू आलीस तेव्हा पिंपळगावातल्या बाया शिंप्याकडं झंपर टाकायच्या. मापाला जुनं झंपर द्यायचं आणि ते जसं चुकलेलं असेल तसंच नवंही चुकून यायचं. कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. तुझ्या सामानात चटईत गुंडाळलेलं हातमशीन निघालं, तेव्हा सासूबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "सून आणली का शिंपी?"

तू पदराआडून म्हणालीस, "सूनच हाये, आत्याबाई. मशीन तुमच्यासाठी आणलं."

नवी नवरी आणि असं उत्तर. पण महिनाभरात तू त्यांना झंपराच्या आतून, डाव्या अंगाला, खिसा करून दिलास. त्यांची तंबाखूची चंची कमरेतून सारखी घसरायची, ती त्या खिशात बराबर बसली. मग काय, बाजाराच्या दिवशी सासूबाई ओळखीच्या बाया गाठून गाठून पदर सारायच्या आणि खिसा दाखवायच्या. तुला घरात जागा मिळाली ती त्या खिशामुळं, असं मी तुला चिडवायचे.

कपड्याला तू कधी एकदम कात्री लावली नाहीस. आधी जुना पेपर पसरायचा. पेन्सिलीनं गळा, काखेपाशी बाही जोडायचा मुंढा, बाही काढायची, कागद कापायचा, टाचण्यांनी अंगावर लावून बघायचा. मला अंगणात उभं करून तू असा कागद किती वेळा चढवला असशील. वारा सुटला की मी फडफडायचे आणि पोरं हसायची. "हलू नका, आक्का," तू तोंडात टाचण्या धरून म्हणायचीस. "कागद चुकला तं हसून घ्या. कपडा चुकला तं रडावं लागंल."

अंगणवाडीचं काम मला लागलं तेव्हा तू भाऊजींच्या जुन्या टेरिकॉटच्या पँटीची पिशवी शिवलीस. तिचंही आधी कागदाचं कटिंग. एका कप्प्यात माझं रजिस्टर, एकात खडू, आणि डबा आडवा होऊन वरण सांडू नये म्हणून त्याला उभा कप्पा. पट्टा लावण्याआधी मला म्हणालीस, "चालून दाखवा."

मी वेशीपर्यंत चालत गेले आणि परत आले. तू मागून बघत होतीस.

"तुमी डावा खांदा पाडून चालता."

"मी? न्हाई बाई."

"आजपोवतर कोणी मागून बघितलं का तुमाला?"

खरंच कुणी बघितलं नव्हतं. माझं लग्न होऊन इतकी वर्षं झाली होती, पण मी कशी चालते हे मला तू सांगितलंस. पट्टा तू त्या हिशोबानं आखूड केलास. पहिल्यांदा ती पिशवी खांद्यावर टाकली तेव्हा ती माझ्या गुडघ्याला एकदाही लागली नाही.

आणि जुन्या जालन्यातलं ते दुकान? कविता लहान होती. दुकानाबाहेरच एक फ्रॉक टांगलेला होता, कमरेपासून खाली कमळासारखा उमललेला. तू दुकानदाराला तो खाली काढायला लावलास, गादीवर पसरलास, उलटा केलास, घेराखाली हात घालून शिवण चाचपलीस आणि वीत टाकून मोजायला लागलीस.

"बाई, लेना है का बस मोजना है?" दुकानदार म्हणाला.

"मोजलं तं समजंल ना, घ्यायचा का न्हाई."

"बिलकुल मोजो. पर दुकान बी मोजो, घरी बनवायला काम येईल."

मला इतकं हसू फुटलं की मी बाहेर येऊन उभी राहिले. तू मात्र शांतपणे सगळं मोजलंस, त्याच्याकडूनच साडेतीन वार छापील कापड घेतलंस, आणि घरी येताना सबंध एसटीत माझ्याशी एक शब्द बोलली नाहीस. मापं विसरशील म्हणून. घरी आल्यावर चप्पल न काढता कागद पसरलास. कविता तो फ्रॉक घालून गिरक्या घ्यायची तेव्हा भाऊजी सगळ्या गल्लीला हाका मारून बोलवायचे. तो फ्रॉक दुकानातल्यापेक्षा चांगला झाला होता. तू घेराला खिसे लावले होतेस, दोन्हीकडं. "पोरीला बोरं ठेवायला काहीतरी पाह्यजे," म्हणालीस.

हे सगळं आठवतं तेव्हा बरं वाटतं. पण आठवण तिथं थांबत नाही. ती पुढं सरकतेच, आणि पुढं ते निळं झंपर येतं.

पोळ्यासाठी शिवत होतीस. कागद तुझाच, नेहमीचा, कितीदा वापरलेला. घालून बघितलंस आणि म्हणालीस, "एकीकडून ताटून राह्यलं, घट्ट होतंय." उसवलंस, परत शिवलंस. परत ताटलं. तू नवा कागद कापलास. कापड बदललंस. मशीनला तेल दिलंस, टीप चुकतेय का बघितलीस. तुला कागदावर शंका आली, कात्रीवर आली, सुईवर आली. अंगावर आली नाही. शेवटी एके दिवशी मी धान्य निवडत होते, तर तू माझा हात धरून आतल्या खोलीत नेलास आणि तो तुझ्या छातीवर ठेवलास. हाताला लागलं ते सुपारीएवढं नव्हतं, मोठं होतं. दगडासारखं.

"दुखतं का?"

"दुखलं असतं तं कळलं नसतं का, आक्का?"

जालन्याच्या डॉक्टरांनी औरंगाबादला पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी एक बाजू पूर्ण काढली. भाऊजी बाहेर बाकावर बसून होते. पुन्हा पुन्हा मला विचारायचे, "वहिनी, झालं असंल ना?" मला काय ठाऊक? मी आपली 'झालं असंल, झालं असंल' म्हणत राहिले.

त्यानंतर सलाईनमधून द्यायची ती औषधं सुरू झाली. तुझे केस गेले, तोंडाची चव गेली. तू कशाबद्दल कुरकुरली नाहीस. केसांचं तर म्हणालीस, "बरं झालं, खोबरेल वाचलं." पण एक दिवस तू कवितेला जुन्या मलमलीचा आणि जाड्या मांजरपाटाचा तुकडा आणायला सांगितलास, डोळे मिटून दोन्ही हातांच्या बोटांत धरलेस, आणि कोणता कोणता ते तुला सांगता येईना. मी बघत होते. तू ते तुकडे अदलाबदल करून पुन्हा धरलेस. मग खाली ठेवून दिलेस.

"आक्का, बोटाला कपडा कळंना."

"औषधं संपली की कळंल."

"डाक्टर म्हणले, कळंल बी, न्हाई बी. मी ऱ्हायलेल्या सुया घेत न्हाई."

आपण त्या दिवशी जितकं भांडलो तितकं सगळ्या जन्मात भांडलो नव्हतो. मी म्हणाले, बोटांसाठी जीव देतीस का? तू म्हणालीस, "जीव कोण देऊन राह्यलं? हाय तेवढा हातानं जगून घेते म्हणते." मी म्हणाले, पोरीचं काय? तू म्हणालीस, "पोरीसमोर हात मांडीवर ठेवून बसू का?" मी भाऊजींना मध्ये ओढलं. ते खांबाला धरून उभे होते. "तिला वाटंल ते करू द्या, वहिनी," एवढंच म्हणाले, आणि मी त्यांच्यावरही ओरडले. तू हटली नाहीस. मग तीन-चार दिवस आपण एका चुलीवर स्वयंपाक केला आणि बोललो नाही.

तुझी बोटं परत आली. पूर्ण नाही, पण आली. ज्वारी काढायच्या दिवसांत तू एकदा ओरडलीस म्हणून मी धावत आले, तर तुझ्या बोटात सुई घुसली होती, रक्त आलं होतं, आणि तू हसत होतीस.

त्या दिवसांत तू भाऊजींचा सदरा घालून असायचीस. वरून पदर. घराबाहेर नाही, कुणाच्या लग्नाला नाही. मी म्हणायचे, एखादं ढगळ झंपर शिव. तू म्हणायचीस, ढगळ घालून लपायचं असंल तं सदरा काय वाईट हाय. आणि एका दुपारी घरातले सगळे शेतात असताना दाराला कडी लावलीस, माझ्या हातात टेप दिलीस.

"मापं घ्या."

आजवर माझी मापं तू घेतलेली. तुझी मी कधी घेतली नव्हती. तू सदरा काढलास. मी टेप धरली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघायला लागले.

"इकडं बघा, आक्का. न बघता माप येत न्हाई."

मग मी बघितलं. एकीकडं जशी होतीस तशी, एकीकडं सपाट, त्यावर काखेपर्यंत गेलेला लांब व्रण. त्या बाजूचा हातही सुजून जाड झालेला, कोपराच्या वरपासून. तू आकडे लिहून घेत होतीस, जशी कुण्या दुसऱ्याच बाईची मापं असावीत.

मग तू पेपर पसरलास, आणि सवयीनं त्याची घडी घातलीस. कटिंग घडीवरच असतं ना नेहमी. अर्धं कापलं की उलगडल्यावर दोन्ही बाजू सारख्या. घडीवर हात ठेवून तू बसून राहिलीस. किती वेळ. मग तू ती घडी उलगडलीस, तळहातानं मोडलेली जागा सपाट केलीस आणि म्हणालीस, "आता घडीवर जमत न्हाई. उघडंच बेतावं लागंल."

तू पहिल्यांदा रडलीस ती तेव्हा. दवाखान्यात नाही, केस गेले तेव्हा नाही. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. त्याहून जास्त मला काही करता आलं नाही, द्वारका, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

पण ते झंपर तू शिवलंस. उजवी बाजू वेगळी, डावी वेगळी, सुजलेल्या हाताची बाही काखेत कापडाची पाचर घालून सैल केलेली. रिकाम्या बाजूला आतून अस्तराची पिशवी. आधी तिच्यात नुसता कापूस भरलास, तर ती हलकी होऊन वर सरकायची. मग कापसात मूठभर बाजरी घातलीस. "उंदरापासून संभाळा मला," म्हणालीस, आणि आपण दोघी कडी लावलेल्या खोलीत तोंडाला पदर लावून हसलो. माझ्या भाचीच्या लग्नात तू ते घालून आलीस. पंगतीत एक म्हातारी तुला म्हणाली, "झंपर कुठं शिवलं गं? काय मापात बसलंय." तू ताटाआडून माझी मांडी इतकी जोरात दाबलीस की माझ्या हातातला घास सांडला.

मग तपासणीला औरंगाबादला गेलीस की तिथं भेटलेल्या बायांना तू या झंपराचं सांगायला लागलीस. कुणी कापड घेऊन आपल्या घरी यायची. आतल्या खोलीत कडी लागायची. तू प्रत्येकीचं कटिंग वेगळं करायचीस, जपून ठेवायचीस. मी म्हणाले होते, एक चांगलं जमलेलं ठेव, सगळ्यांना चालेल. तू म्हणालीस, "प्रत्येकीचं वेगळं गेलेलं असतं, आक्का." ते कागद एका गोणपाटाच्या पिशवीत घालून तू पलंगाच्या वर, खुंटीला टांगले होतेस.

चांगली वर्षं गेली. नंतर तुझी पाठ दुखायला लागली. आपण सगळ्यांनी मिळून ती शिवणकामानं दुखते असं म्हणायचं ठरवलं, न ठरवता. औरंगाबादच्या डॉक्टरांनी फोटो उजेडासमोर धरला आणि भाऊजींना बाहेर बोलावलं. मी त्यांच्या मागून गेले. मी विचारलं, त्या वेळी राहिलेली औषधं घेतली असती तर? डॉक्टर म्हणाले, "सांगता येत नाही." द्वारका, मला कुणीतरी सांगायला पाहिजे होतं. तू बरोबर होतीस असं, नाहीतर मी बरोबर होते असं. दोन्हीपैकी काहीही मी पत्करलं असतं. आपलं भांडण तसंच राहिलं. शेवटच्या महिन्यात तू एकदा तो विषय काढलास. "आक्का, तुमचा राग अजून हाये का?" मी म्हणाले, "गप पड, पाणी पी." राग नव्हता. भीती होती. ती रागासारखी दिसायची, एवढंच सांगायचं होतं मला. सांगितलं नाही.

तू गेलीस त्या सकाळी गावातल्या बायांनी तुला न्हाऊ घातलं. सवाष्ण म्हणून दुकानातून हिरवं लुगडं आणलं, हिरवं तयार झंपर आणलं. दोन्हीकडून सारखं. ते तुझ्या अंगात घातलं तर एकीकडून खाली बसलं आणि सुजलेल्या हाताला बाही चढेना. मी तुझं पेटीतलं झंपर काढून आणलं. चुलत सासूबाई म्हणाल्या, "अंगावरचं वापरलेलं घालत न्हाईत मयताला. कोरंच लागतं."

"तिला हे बसत न्हाई," मी म्हणाले.

"आता कुठं तिला चालायचंय का फिरायचंय? वरून लुगडं येतं."

त्यांचं काही चुकलं नव्हतं. त्यांनी बाहीची शिवण कात्रीनं फाडली, हात घातला, पदर ओढला. पदर ओढल्यावर सगळं सारखं दिसतं. मी तुझं झंपर हातात धरून उभी होते.

आणि दहाव्याच्या आदल्या दिवशी, मी अंगणवाडीत असताना, भाऊजींनी तुझी गादी, गोधडी, उशी बांधावर नेऊन जाळली. मयताचं अंथरूण ठेवत नाहीत. पलंग रिकामा केला आणि वर टांगलेली ती गोणपाटाची पिशवीही घेतली. मी आले तेव्हा खुंटी मोकळी होती.

"भाऊजी, ते कागद?"

"कोणते, वहिनी?"

"तिचे. कटिंगचे."

"ती रद्दी व्हती ना? जुने पेपर व्हते..." आणि बोलता बोलता त्यांच्या लक्षात आलं. मी समोर होते, त्यांचा चेहरा मी पाहिला. तेव्हापासून ते तसे भिंतीला टेकून बसतात.

कागद गेले तर गेले, मी मनाला समजावत होते. कुणासाठी ठेवायचे होते? पण काल एक बाई आली. परतूरकडची. हातात कापडाची पिशवी, बरोबर कुणी नाही. दारातूनच म्हणाली, "द्वारकाबाईचं घर हेच का? दवाखान्यात एका बाईनं सांगितलं. त्या झंपर शिवून देतात म्हणली, माझ्यासारख्यांचं."

मी सांगितलं. ती पायरीवर बसली. तुझ्यासाठी रडली असं मी म्हणणार नाही, तुला ती ओळखतही नव्हती. कवितेनं पाणी आणून दिलं. ते ती प्यायली नाही, नुसतं धरून बसली.

"मंग आता दुसऱ्या कोणाला येतं का?"

येत नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण ती वयानं लहान होती, द्वारका. कवितेहून थोडी मोठी असेल. तिनं नवऱ्याचा सदरा घातला होता आणि वरून पदर घट्ट आवळून धरला होता. मी म्हणाले, "येत्या बाजाराला या." आणि आतल्या खोलीत नेऊन तिची मापं घेतली. मला फक्त तेवढंच येतं.

आज आल्यापासून मी पेपर पसरून बसले आहे. घडी घातलेली नाही. गळा कसाबसा काढला, बाही अंदाजानं काढली, पण मुंढा काही जुळत नाही. एकीकडून घेतला की दुसरीकडून ओढतो. तीन कागद वाया गेले. कविता येऊन बसली, वाकून बघितलं. "मोठ्याई, आई इथं काय करायची?" मी म्हणाले, आठवत नाही. तिलाही आठवत नव्हतं. तू तिला मशीनजवळ येऊच दिलं नाहीस, पोरीनं शाळा शिकावी म्हणून. भाऊजी उठून आले, आमच्या मागं उभे राहिले, आणि तिथंच खाली बसले.

आता आम्ही तिघं त्या कागदाभोवती बसलो आहोत आणि बाजार परवावर आला आहे. ती येईल. बाकी काही नको होतं, द्वारका. मुंढ्याची रेघ कुठून सुरू करायची, तेवढं सांगून जायचं होतंस.